रंग थांबव, आधी ती पँट धुऊन दे

आमच्या बेळगावातल्या शहापुरातल्या एका ताईचं पत्र आलंय, चांगलं चार पानी, नाव नको म्हणालीय म्हणून देत नाही. थोडक्यात असं की घर जुनं, कौलारू, भेंड्याच्या, म्हणजे कच्च्या मातीच्या विटांच्या भिंती. सासरे श्रावणात गेले. याच पावसात मधल्या सोप्याची भिंत वरपासून स्विचबोर्डापर्यंत भिजली आणि प्लास्टर फुगून खाली आलं. पुण्याहून दीर-जाऊ 27 तारखेला येणार, म्हणून नवऱ्यानं घाई करून 14 डिसेंबरला गवंड्याकडून सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं आणि आता पेंटर म्हणतोय उद्या प्रायमर मारतो. त्यात पोरांनी ओल्डमॅन, म्हणजे 31 डिसेंबरला जाळायचा म्हाताऱ्याचा पुतळा, करायचा हट्ट धरला, मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहाची. हिनं माळ्यावरच्या ट्रंकेतली सासऱ्यांची खाकी पँट आणि मरून स्वेटर काढून दिला, पोरांनी त्यात पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, भरली, आणि सकाळी सासूबाईंनी दार उघडलं तर पायरीवर ती पँट पाय पसरून बसलेली. तेव्हापासून त्या हिच्याशी बोलत नाहीत, ताट खोलीत घेऊन जातात. ताई विचारते, "अक्का, मी एवढं काय वाईट केलं? ते कपडे कोण घालणार होतं? पोरांची दिवाळी पण झाली नाही यंदा. आता पाहुणे यायच्या आत घर आणि माणसं दोन्ही कशी सरळ करू?"

ताई, तू वाईट नाहीस गं, खरं चुकलीस. विचारायला पाहिजे होतंस, एवढंच. आणि "कोण घालणार होतं" हे वाक्य त्यांच्यासमोर बोलली नसशील तर आता अजिबात बोलू नकोस.

पत्राच्या तिसऱ्या पानावर तूच जाता जाता लिहून गेलीयस की मामंजी दर वैशाखात कौलं परतायला स्वतः वर चढायचे, हीच खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, आणि सासूबाई खालून शिडी धरून उभ्या राहायच्या, "डावीकडे, डावीकडे, ते फुटकं दिसतंय बघा" म्हणत. तू हे घराची माहिती म्हणून लिहिलंस, मी मात्र तिथंच थांबले आणि दोनदा वाचलं. किती वैशाख झाले असतील त्यांचे असे? त्या बाईला ती पँट म्हणजे जुना कपडा नाही, वर चढलेला माणूस आहे, खाली उतरेपर्यंत जिच्याकडं बघत राहायचं ती पँट. आणि ती पायरीवर बसलेली दिसली, आत पिंजर, आणि 31 ला रात्री बारा वाजता जाळायची म्हणून. तू तिथं असतीस तर तुला काय झालं असतं, बघ जरा.

बाहेरगावच्यांना कळावं म्हणून सांगते, आमच्या बेळगावात 31 डिसेंबरला ओल्डमॅन जाळतात. कॅम्पातून, म्हणजे लष्कराच्या छावणीतून सुरू झालेली पद्धत म्हणतात, इंग्रजांच्या वेळची, आता गल्लोगल्ली आहे. जुने शर्ट-पँट, आत गवत नाहीतर पिंजर, तोंडाला मुखवटा, डोक्यावर टोपी, पोटात फटाके. ज्यांना करायला वेळ नाही त्यांच्यासाठी कॅम्पात रस्त्याकडेला लहानमोठे तयार ओल्डमॅन मांडून ठेवलेले असतात. केरळात फोर्ट कोचीला असाच पाप्पांजी जाळतात वर्षअखेरीला. तो म्हातारा म्हणजे सरलेलं वर्ष, कुणाच्या घरातला म्हातारा नव्हे, हे तुला माहिती, मला माहिती, पोरांना पण माहिती. खरं ज्या घरातला म्हातारा चार महिन्यांपूर्वी गेलाय तिथं त्याच्याच कपड्यातला म्हातारा पायरीवर बसवला तर हे समजावून सांगण्यात काही अर्थ नाही, तसलं समजावायला जाऊच नकोस.

पोरांवर पण रागावू नकोस. त्यांनी यंदा आकाशकंदील लावला नाही, फटाके नाहीत, शेजारणींनी डब्यातून आणून दिलेला फराळ खाल्ला आणि गप्प बसली. वर्ष धरलंय म्हणून सण नाही हे सहा वर्षांच्या पोरीला कसं कळणार? त्यांना वाटलं ओल्डमॅन तरी करू, तो काय देवाचा सण नाही. पोरं आपल्या परीनं बरोबरच होती.

आता करायचं काय ते सांगते.

आज दुपारी, सासूबाई जरा आडव्या झाल्या की, ती पँट आणि स्वेटर मोकळे कर. पिंजर उपसून काढू नकोस नुसती, कपडे उलटे कर, शिवणीत काड्या अडकतात त्या एकेक काढ, खिसे बघ. थंड पाण्यात भिजवून हातानं धू, स्वेटर पिळू नकोस, टॉवेलवर पसरून वाळव. पँट उन्हात घाल, पण परड्यात, पुढच्या दारात नको. वाळली की त्यांच्याकडे घेऊन जा आणि सांग, "आई, मी न विचारता काढली, माझं चुकलं." बस्स. "पण पोरं ऐकत नव्हती", "पण मला वाटलं" हे काही लावू नकोस शेपूट. त्या काही बोलणार नाहीत बहुतेक. घेतील आणि ट्रंकेत ठेवतील नाहीतर उशाला ठेवतील. तू तिथून उठून चहा टाकायला जा. माझे वडील गेल्यावर त्यांची छत्री दाराच्या मागं टांगलेली होती, काड्या मोडलेली, भावानं साफसफाईत भंगारात दिली आणि आई दोन दिवस जेवली नाही. आम्ही नवी छत्री आणून दिली, आमची अक्कल तेवढीच. कुणी "चुकलं" म्हणालं नाही तिला, ना भाऊ ना मी. आज आई नाही, आणि ते एक वाक्य माझ्याकडं तसंच शिल्लक राहिलंय. म्हणून तुला इतकं बजावून सांगते.

मग रंगाचं. रंग उद्या नको. नवऱ्याला माझं नाव सांग पाहिजे तर.

सिमेंटचं नवं प्लास्टर 28 दिवस तरी सुकू द्यायचं असतं रंगाआधी. 14 डिसेंबरचं प्लास्टर म्हणजे 11 जानेवारी आली, संक्रांतीच्या तोंडावर. आणि तुमची भिंत नुसती नव्या प्लास्टरनं ओली नाहीय, चार महिन्यांचं पावसाचं पाणी भेंड्यात मुरलंय, ते अजून बाहेर यायचंय, आणि आत्ता सकाळची थंडी आणि धुकं बघता काही झटपट सुकणार नाही. त्यावर प्रायमर आणि प्लास्टिक पेंट मारला की ओल कोंडते, फोड येतात आणि लोणा फुटतो, पिठासारखा पांढरा, हात लावला की भुरूभुरू पडतो. आमच्या घरी लग्नासाठी असाच पंधरा दिवसांत रंग उरकला होता, होळीपर्यंत सगळी भिंत खवल्यासारखी झाली, सगळं खरवडून परत पैसे घातले. पेंटर उद्या येतो म्हणतोय कारण त्याला उद्या मोकळा वेळ आहे, भिंतीचं बघून नाही म्हणत तो.

खात्री करायची असली तर हातभर प्लास्टिकचा कागद घे, भिंतीला चारी बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटव, दोन दिवस तसाच ठेव. कागदाच्या आतल्या बाजूला, भिंतीकडं, थेंब जमले तर ओल अजून भिंतीतून येतेय. नवऱ्याला तोंडानं सांगण्यापेक्षा तो कागद दाखव.

आणखी एक, मातीच्या भेंड्यावर सिमेंट प्लास्टर चांगलं बसत नाही. माती ओल घेते आणि सोडते, सिमेंट तिला सोडू देत नाही, मग मधेच सुटून येतं. झालंय ते आता पाडू नका, तोडफोडीत भिंतीलाच धक्का बसायचा. महिन्याभरानं बोटाच्या पेरानं ठोकून बघा, जिथं पोकळ आवाज येईल तेवढं काढून चुन्याचं करा. बाकीच्या भिंती करायच्या असतील तर गवंड्याला आधीच चुना किंवा माती सांगा, तो कुरकुर करेल, जुना जाणता गवंडी बघा मग. आणि त्या स्विचबोर्डाचा मेन बंद करून वायरमनला एकदा दाखवून घ्या, ते पाहुणे यायच्या आत करा, तिथं मात्र घाई पाहिजे. तोपर्यंत पोरांना त्या बटणांना हात लावू देऊ नकोस.

आता मुख्य गोष्ट, जी तुमच्या दोघांच्याही डोक्यात आलेली दिसत नाही. पाणी आलं कुठून? भिंत केली, रंग काढला, खरं वर कोण चढलं? पत्रात कौलांचं नावच नाही! कौल तसंच ठेवून खालची भिंत रंगवली तर येत्या जूनमध्ये मिरग लागला की परत तेच.

आणि वरचं कुणाला माहितीय तुमच्या घरात? तुझ्या नवऱ्याला नाही, तो नोकरीला. माहितीय ते शिडी धरणाऱ्या बाईला. कुठलं कौल दरवर्षी सरकतं, मागच्या न्हाणीच्या स्लॅबला कौल जिथं टेकतं तिथला पन्हळीचा पत्रा कधी बदलला होता, जादा कौलं परड्यात कुठं रचून ठेवलीत, हे सगळं त्यांना पाठ असणार. पँट देऊन एक-दोन दिवस गेले की त्यांना विचार, आणि खरंच माहिती पाहिजे म्हणून विचार, त्यांना बरं वाटावं म्हणून नको, बायकांना फरक लगेच कळतो. "आई, गळती कुठनं असेल ओ, मामंजी कुठलं कौल बघायचे पहिलं?" त्या सांगतील. रागात सांगतील, तोंड फिरवून सांगतील, सांगतील मात्र.

तोवर तू पण एक बघून ठेव. दुपारी बारा-एकला सोप्यातली दारं-खिडक्या लावून अंधार कर आणि वर बघ, जिथनं उन्हाचा ठिपका दिसतो तिथं कौल फुटलंय नाहीतर सरकलंय, खालून खडूनं रिपेवर खूण करून ठेव. ठिपका दिसला नाही म्हणजे गळत नाही असं नाही, कारण पाणी एकीकडनं शिरतं आणि वाशावरनं पळत जाऊन भलतीकडं ठिबकतं, म्हणून वासे बघ, काळपट ओघळ कुठनं सुरू झालाय ते. वाळवीची मातीची रेघ दिसली तर सुताराला बोलवा. वर चढायला माहितगार माणूसच घ्या, शेवाळलेल्या कौलावर नवऱ्याला पाठवू नकोस, हौस म्हणून तर नाहीच नाही. पूर्ण कौलं परतायचं काम वैशाखातच करा नेहमीसारखं, आत्ता फुटकी तेवढी बदला आणि तो पत्रा.

पाहुण्यांचं काय घेऊन बसलीस. दीर म्हणजे काय परका आहे? त्याचा पण बापच गेलाय की. तो रंग बघायला येत नाहीय, बाप नसलेल्या घरात पहिल्यांदा राहायला येतोय. सिमेंटची भिंत दिसली तर दिसू दे. जावेनं काही म्हटलं तर "ओल आहे, संक्रांतीनंतर रंग" एवढं सांगून मोकळी हो. कुंदा आणा, रताळी उकडा, बसा सोप्यात. आणि ट्रंक उघडायचीच असेल तर दोघं भाऊ आणि आई बसून उघडू देत, काय ठेवायचं काय द्यायचं ते त्यांचं त्यांना ठरवू दे. तू जवळ अस, हात मात्र घालू नकोस.

राहिला ओल्डमॅन. माझं मत स्पष्ट आहे, यंदा तुमच्या दारात नको. काहीजणी म्हणतील पोरांचं मन मोडू नये, मला नाही पटत, पोरांना खरं सांगितलेलं चालतं. मुलाला जवळ घेऊन सांग की आजोबांची पँट बघून आजीला रडू आलं. नऊ वर्षांचा आहे, त्याला कळतं. पिंजर काढलीस ती टाकू नकोस, नवऱ्याचा फाटका शर्ट आणि बाजारातली एखादी जुनी पँट दे, आणि गल्लीतल्या पोरांबरोबर मैदानात नाहीतर कोपऱ्यावर त्यांना ओल्डमॅन करू दे. नायलॉनचे कपडे आणि उशीतला स्पंज आत घालू नका, ते वितळून चिकटतं, भाजलं तर भयंकर. फटाके पोरांनी नाही, मोठ्या माणसानं घालायचे आणि पेटवायचं पण त्यानंच, विजेच्या तारांखाली नाही, कुणाच्या कौलाच्या वळचणीला नाही, सुगी झालीय आत्ताच, परड्या-परड्यात पिंजरीच्या गंजी आहेत, एक ठिणगी पुरे होते. दोन बादल्या पाणी भरून ठेवा. तू त्या रात्री सासूबाईंजवळ घरात थांब. बारा वाजता सगळीकडं धडाडधूम होईल, त्यांना एकटं सोडू नकोस त्या वेळेला.

आणि जादा कौलं परड्यात सापडली नाहीत, विकतच आणायची झाली, तर आधी तुमचं एक जुनं कौल काढून उलटं करून बघ, मागं कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. ही मंगळुरी कौलं बासेल मिशनच्या लोकांनी मंगळूरला 1860 च्या दशकात करायला घेतली, पुढं कितीतरी कारखाने निघाले आणि प्रत्येकाचं माप थोडं थोडं वेगळं, खाच खाचेत बसत नाही आणि तिथनंच गळतं. जुनी घरं पाडतात तिथली कौलं विकायला असतात, तिकडं आधी बघा. जाताना नमुन्याचं एक कौल पिशवीत घालून न्या, आणि सासूबाई येतो म्हणाल्या तर रिक्षा करून त्यांना पण न्या.