ग्वांगझूत श्याओबेईला खोली घ्यावी का?

तुमचा प्रश्न असा: कंपनी चीनमधल्या ग्वांगझूला पाठवतेय, तिथल्या श्याओबेई भागात खोली स्वस्तात मिळतेय, पण तिथे आफ्रिकन आणि चिनी लोकांची भांडणं चालतात असं कानावर आलंय. मी इथून शेजारच्या फोशान शहरातल्या टाइल्स बाहेर पाठवतो आणि माझी निम्मी गिऱ्हाइकं पश्चिम आफ्रिकेतली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खोली बिनधास्त घ्या. गल्लीत मारामाऱ्या वगैरे काही नाही. भांडणाचं मूळ कागदपत्रांत आहे. १९९७ च्या आशियाई मंदीनंतर आफ्रिकन व्यापारी बँकॉक सोडून इकडे आले. श्याओबेईत माली, काँगोवाले, शहराच्याच सानयुआनली भागात बहुतेक नायजेरियन. जीन्स, मोबाइल घाऊक उचलायचे, गठ्ठे बांधून घरी धाडायचे. व्हिसा मिळे थोड्या दिवसांचा, माल हातात यायला लागे त्याहून जास्त वेळ. मुदत संपूनही लोक राहू लागले, तसा पोलिसांचा ससेमिरा लागला. २००९ च्या जुलैत तपासणी चुकवताना एक नायजेरियन खिडकीतून खाली पडला आणि त्याच्या देशबांधवांनी पोलीस ठाण्यावर मोर्चा नेला. २०१२ मध्ये इलेक्ट्रिक दुचाकीच्या भाड्यावरून वाद झाला, नायजेरियन माणूस पोलीस कोठडीत दगावला आणि लोकांनी रस्ता अडवला. २०१३ च्या कायद्याने मुदतीनंतर राहिल्यास दिवसाला ५०० युआन, जास्तीत जास्त १०,००० दंड किंवा कोठडी. बेकायदा राहणाऱ्याला थारा देणाराही दंडाला पात्र, त्यामुळे घरमालक आधीच हात झटकतात.

माझ्या एका मालीच्या गिऱ्हाइकासाठी मी फोनवर खोली ठरवली होती. मालकीणबाईंनी भाडं, डिपॉझिट, सगळं कबूल केलं. आम्ही दारात उभे राहिलो, तिने साखळी न काढता फटीतून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, खोली कालच गेली. त्याचा व्हिसा चोख होता. कागदांची भीती म्हणता म्हणता ती कातडीच्या रंगावर कधी जाते, कळत नाही.

एप्रिल २०२० मध्ये तर कहर झाला. काही नायजेरियन कोरोनाबाधित निघाले आणि कुठेही प्रवास न केलेल्या आफ्रिकनांनाही घरांतून, हॉटेलांतून काढलं. लोक रस्त्यावर झोपले. आफ्रिकन राजदूतांनी लेखी निषेध नोंदवला. तेव्हा सरकारी आकड्यात शहरात जेमतेम साडेचार हजार आफ्रिकन उरले होते.

चिनी दुकानदारांचीही रड आहे, उधारी बुडवून गिऱ्हाईक गायब होतं ही. आफ्रिकन म्हणतात, नमुना एक दाखवतात, कंटेनरमध्ये भरतात दुसरंच. दोन्ही खरं आहे, माझ्यासमोर घडलंय. आपली मंडळी मात्र एकच बाजू ऐकतात आणि ‘काळ्यांची वस्ती’ म्हणून नाकं मुरडतात. पासपोर्ट तपासताना पोलीस आपल्यालाही परदेशी म्हणूनच थांबवतात, एवढं ध्यानात ठेवा.

आता कामाचं. हॉटेल सोडून खोलीत गेलात की २४ तासांत पोलिसांकडे राहण्याची नोंद करावी लागते. मालक नोंदीला नाही म्हणाला तर भाडं कितीही कमी असो, ती खोली सोडा. करारावर मालकाचंच नाव आहे ना, की मधल्या भाडेकरूचं, हेही बघून घ्या. एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये असं दोनदा भरणाऱ्या कँटन फेअर या इथल्या मोठ्या व्यापारी मेळ्याच्या सुमारास येऊ नका, हॉटेलं अव्वाच्या सव्वा पैसे घेतात.