वावर गहाण ठेवण्याआधी एकदा साइटवर जाऊन या

प्रश्न: दारव्हा तालुक्यात आमची चार एकर कोरडवाहू शेती आहे. मुलगा सिव्हिल डिप्लोमा करून दीड वर्षापासून दिग्रसकडे रेल्वेच्या पुलाच्या कामावर सुपरवायझर आहे. घरी पैसे देतो. काम सुरू व्हायच्या आधी रोज सकाळी मजुरांना गोळा करून दहा मिनिटं सेफ्टीचं सांगतो. आता म्हणतो, याच लाइनमध्ये राहायचं. हेल्मेट घाला म्हणायला इंजिनिअर कशाला पाहिजे? गावात लोक हसतात, सोयरीक जुळत नाही. दोन एकर गहाण ठेवून त्याला पुण्याला एमपीएससीला पाठवायची माझी तयारी आहे. ऐकत नाही म्हणून दिवाळीपासून मी त्याच्याशी बोलत नाही. तुम्ही त्याला समजवा.

उत्तर: भाऊ, मी त्याला समजावणार नाही. मला तुमच्याशीच बोलायचं आहे.

कमावता मुलगा, घरी पैसे देतो, व्यसनाचं तुम्ही काही लिहिलेलं नाही, आणि दिवाळीपासून बाप त्याच्याशी बोलत नाही. त्याला एक काम मनापासून आवडलं, एवढीच त्याची चूक. अशा अबोल्यापुढे काही मुलं हो म्हणून पुण्याला जातात आणि दोन वर्षं खोलीत कुढत बसतात. काही घरी येणंच कमी करतात. दोन्ही प्रकारची मुलं माझ्यासमोर बसून रडलेली आहेत. आणि ते दोन एकर? परीक्षा त्याने मागितलेली नाही, पण नापास झाला तर ‘तुझ्यापायी वावर गहाण ठेवलं’ हे त्यालाच आयुष्यभर ऐकावं लागेल. सोयरिकीचं म्हणाल तर पुण्यात बिनपगारी अभ्यास करणाऱ्या मुलालाही स्थळं येत नाहीत.

शिवाय एमपीएससीच्या राज्यसेवेला आणि अभियांत्रिकी सेवेला पदवी लागते, डिप्लोमा चालत नाही. कनिष्ठ अभियंत्याच्या भरतीला तो बसू शकतो, तो अभ्यास नोकरी सांभाळूनही होतो.

आता ‘हेल्मेट घाला म्हणायला इंजिनिअर कशाला’ याबद्दल. तुमच्याच मातीचं घ्या. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून आत उतरतं आणि वरून टणक दिसणारी कड आतून सुटते. विहीर खोदताना दरड अशीच येते, हे तुम्हाला मी सांगायला नको. पुलाच्या पायाचा खड्डा दोन-तीन मीटर तरी खोल असतो. काढलेली माती मजूर काठालाच टाकतात, कारण परत भरायला सोपी जाते, आणि त्या ढिगाचा सगळा भार सुटलेल्या कडेवर येतो. एक घनमीटर माती म्हणजे दीड टनाच्या आसपास वजन. माणूस छातीपर्यंत गाडला गेला तर तोंड मोकळं असूनही त्याला श्वास घेता येत नाही, कारण छाती फुगायला जागाच राहत नाही. रात्री पाऊस पडला म्हणून सकाळी ‘ढीग दीड मीटर मागे घ्या, मी कड पाहतो, शिडी लागू द्या, मग उतरा’ असं सांगणं हे सिव्हिलचंच काम आहे. डिप्लोमात तो हेच शिकला.

गेल्या मे महिन्यात अशाच एका साइटवर सकाळी सातला मी घोळक्याच्या मागे उभा होतो. बोलणारा मुलगा क्रेनचा पट्टा हातात घेऊन रांगेतून फिरला. पट्ट्याला एका जागी चीर होती, तिच्यावरून प्रत्येकाला बोट फिरवायला लावलं. मग विचारलं, याने लोखंडाचा गठ्ठा उचलायचा का? मागून छत्तीसगडचा एक मजूर हळूच म्हणाला, “कल इसी से उठाया, साहब.” पट्टा तिथल्या तिथे कापून टाकला. त्या मुलाने नुसता कागद वाचून दाखवला असता तर त्या मजुराने तोंड उघडलं नसतं.

या कामाला कायद्यातही जागा आहे. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने ५०० किंवा जास्त कामगार असतील तिथे सुरक्षा अधिकारी सक्तीचा केला, २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेने ती मर्यादा २५० वर आणली. १९९६ च्या कायद्याखालच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत सुरक्षा अधिकारी व्हायला डिप्लोमावाल्याला पाच वर्षांचा देखरेखीचा अनुभव आणि औद्योगिक सुरक्षेची पदवी किंवा पदविका मागितली आहे. बहुसंख्य कामगारांची भाषा नीट आली पाहिजे, हीही अट त्यातच आहे.

म्हणजे मुलगा आज सुरक्षा अधिकारी नाही, हे त्यानेही समजून घ्यावं. अनुभवाची साडेतीन वर्षं बाकी आहेत. पंधरा दिवसांत ‘सेफ्टी ऑफिसर’ करून देतो म्हणणाऱ्यांना एक रुपया देऊ नये. तंत्रशिक्षण मंडळाची औद्योगिक सुरक्षेची एक वर्षाची पदविका आहे, ती करावी, आणि बांधकाम सुरक्षेचा विषय त्यात आहे ना, हे प्रवेशाआधी विचारावं. साइट बदलली की ठेकेदाराकडून देखरेखीच्या कामाचं पत्र लेखी घ्यावं, तोंडी अनुभव कुणी धरत नाही. या लाइनमध्ये पूल संपला की बिऱ्हाड हलवावं लागतं. काम थांबवा म्हणणारा माणूस ठेकेदाराला नकोसा होतो, कधी नोकरीही जाते. एवढं कळूनही त्याला हेच करायचं असेल तर करू द्या.

भाऊ, गहाणाची बोलणी सुरू झाली असतील तर ती थांबवा. एक दिवस काम सुरू व्हायच्या आधी साइटवर जाऊन मागे उभे राहा. आणि फोन आज रात्रीच करा. काय बोलावं सुचलं नाही तर दरड येण्याआधी विहिरीची कड कशी दिसते, ते सांगा. पावसाळ्यात त्याला ते लागणार आहे.