प्रोजेक्ट झोम्बॉइड हा झोम्बींच्या जगात तगून राहायचा गेम अजून अर्ली अ‍ॅक्सेसमध्येच (पूर्ण होण्याआधीच विक्रीला) आहे. बिल्ड ४२ मध्ये, म्हणजे त्याच्या नव्या आवृत्तीत, खरंच काही सुधारलंय का?

सुधारलंय, आणि बरंच. "इतकी वर्षं झाली तरी गेम अर्धवटच, मग पैसे का द्यायचे?" असं तुम्ही विचारलंय. हेच वाक्य मी माझ्या आतेभावाकडून, म्हणजे दादाकडून, दर दिवाळीला ऐकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बिल्ड ४१ डिसेंबर २०२१ मध्ये स्टेबल झाला (म्हणजे पक्की आवृत्ती म्हणून आला), मल्टिप्लेअर परत आलं आणि आम्ही दोघं एकत्र खेळायला लागलो. गेममधल्या मल्ड्रॉ गावाच्या कडेला एका दुमजली घरात तळ ठोकला. घणाने जिना पाडला, ये-जा खिडकीतून चादरींच्या दोराने. वर पावसाचं पाणी धरायला पिंपं, मागे कोबी-बटाटे, बाहेर शेडमध्ये जनरेटर. वीज गेली, नळ बंद झाले, आमचं काही अडलं नाही. आणि तिथेच गेम संपला. करण्यासारखं काही उरलंच नाही! दादा कंटाळून वेस्ट पॉइंटला गेला, भर वस्तीत शॉटगन चालवली, आवाजाने सगळं गाव अंगावर आलं आणि तो झोम्बीचा चावा खाऊन परतला. चाव्यावर तिथे इलाज नाही. तेव्हापासून त्याचं एकच पालुपद: गेममध्ये दम नाही, नुसते पैसे काढतात.

मला हे तेव्हाही पटलं नव्हतं. पहिल्या महिन्याची धास्ती या गेमइतकी दुसरीकडे कुठे नाही. कमी होती ती त्यानंतरच्या जगण्याची, आणि बिल्ड ४२ ने नेमकं तेच हातात घेतलं. गाई, मेंढ्या, डुकरं, कोंबड्या पाळता येतात. त्यांचं चारापाणी बघावं लागतं. लोहारकाम आलं, मातीची भांडी आली. लुटून आणलेल्या कुऱ्हाडी मोडल्या तरी हत्यार स्वतः घडवता येतं. तळघरं आहेत, आणि नव्या प्रकाशयोजनेमुळे तिथे टॉर्चशिवाय उतरवत नाही. सलग हाणामारी केली की हात भरून येतात. यावर पुष्कळांनी ओरड केली, मला मात्र ते योग्यच वाटतं.

दादा म्हणतो, गोठाच सांभाळायचा तर झोम्बी कशाला? अरे, त्या गाईमुळेच तर अंधार पडायच्या आत घरी परतायला कारण मिळतं!

आणि पैसे काढण्याचं म्हणाल, तर २०११ मध्ये हा गेम बनवणाऱ्या मंडळींच्या घरी चोरी झाली, लॅपटॉप गेले, त्यांच्यासोबत केलेलं कामही गेलं. पळायचंच असतं तर तेव्हाच पळाले असते. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर हा गेम नोव्हेंबर २०१३ पासून आहे आणि तेव्हा घेतलेल्यांनाही बिल्ड ४२ साठी वेगळा पैसा पडलेला नाही.

हो, एक सांगायचं राहिलं. डिसेंबर २०२४ मध्ये ४२ आला तो अनस्टेबल (अजून चाचणीतला) म्हणून, आणि सुरुवातीला त्यात मल्टिप्लेअर नव्हतं. ४१ चे सेव्ह (साठवलेला खेळ) त्यात चालत नाहीत, अपडेट आलं की मॉड (खेळाडूंनी गेममध्ये घातलेले बदल) बिघडतात. हात भरून येणं नको असेल तर सँडबॉक्समध्ये (जिथे गेमचे नियम आपणच ठरवतो) कमी करता येतं. नव्याने खेळणार असाल तर सेलमध्ये घ्या, आधी ४१ वर मरायला शिका, मग ४२ कडे वळा.

"पूर्ण झाला की बघू" म्हणणाऱ्यांचं मात्र ऐकू नका. दादाने ४२ अजून उघडूनही पाहिलेला नाही. त्याने त्यात एक हिवाळा काढावा, एक गाय जगवून दाखवावी, मग दिवाळीत माझ्याशी वाद घालावा.