मोर्चाच्या बंदोबस्ताला उभं राहण्याआधी

प्रिय मित्रा,

उपनिरीक्षक म्हणून तुझा पहिलाच मोठा बंदोबस्त, तोही नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाचा. काठी कशी चालवायची हे प्रशिक्षणात शिकवतात. त्याआधी गर्दी बाहेर पडणार कुठून, याचा विचार कर.

२३ नोव्हेंबर १९९४ ला याच शहरात गोवारी समाजाच्या मोर्चावर लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. त्यांत बायका-मुलं जास्त होती. मोर्चा अडवला की पुढच्यांना बॅरिकेड दिसतं, मागच्यांना ते दिसत नाही आणि ते रेटत राहतात. म्हणून तुझी नजर मोर्चाच्या शेपटावर हवी. रेटा वाढला तर आधी मागचा लोंढा थांबव, मग पुढच्यांना मागे घे.

आदल्या दिवशी तुझा पॉइंट, म्हणजे नेमून दिलेली जागा, पायी फिरून बघ. उघडी गटारं, बंद बोळ, रस्त्याकडेचे खडीचे ढीग वरिष्ठांना कळव आणि खडी तेव्हाच उचलून घे. अ‍ॅम्ब्युलन्सची वाट मोकळी ठेव. आयोजकांकडून गाड्या कुठे लागणार, शिष्टमंडळात कोण, निवेदन कोण घेणार हे विचारून ठेव. शिष्टमंडळ आत गेलं आणि तासभर बाहेर काहीच कळलं नाही की अफवा उठतात. दर थोड्या वेळानं आयोजकांनाच माइकवरून बोलायला लाव.

बळाचा वापर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ प्रमाणे. आधी पांगण्याचा आदेश; तो मानला नाही, किंवा जमाव पांगणारच नाही हे त्याच्या वागण्यातून दिसलं, तरच बळ. ठाणे प्रभारी हजर नसतील तर हा अधिकार उपनिरीक्षकालाही आहे, त्यामुळे जबाबदारीही तुझीच. घोषणा मराठीत कर, नुसतं ‘पांगा’ म्हणू नकोस. कोणत्या रस्त्यानं जायचं तेही सांग आणि जायला वेळ दे. घोषणेचं चित्रीकरण झालंच पाहिजे. काठी कमरेखालीच. अश्रुधुराआधी वारा बघ, आणि निघायची वाट बंद असेल तिथं नळकांडी टाकूच नकोस. लोक पळू लागले की थांब. पाठलागात माणसं पडतात, तुडवली जातात.

ताब्यात घेतलेल्यांची नावं गाडीत बसवतानाच लिहून घे, पाणी दे. किरकोळ प्रकरणात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६९ नुसार प्रसंग सरल्यावर सोडता येतं. महिलांसाठी महिला अंमलदारच हवेत. या अंमलदारांसाठी फिरत्या शौचालयाची मागणी आदल्या दिवशीच लेखी टाक. दिवसभर पॉइंट सोडता येत नाही म्हणून त्या पाणीच पीत नाहीत.

तुझा,
जुना सहकारी