ब्लॉकचेनवर शेतकऱ्याचा भरवसा बसवायचा असेल तर

भाऊ, ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेली, एकमेकींना जोडलेल्या नोंदींची साखळी. पण शेतकरी कंपनीच्या सभेत तंत्रज्ञानाचं गुणगान नको. शेतकऱ्याला त्याच्याच मालाची नोंद मोबाईलवर दाखवा: लॉट क्रमांक, वजन, तारीख. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या वायगाव हळदीसारख्या मालाला याचा खरा उपयोग आहे.

साखळीतली नोंद गुपचूप बदलता येत नाही, पण चुकीचं वजन भरलं तर तेही तसंच टिकतं. हे आधीच मोकळेपणानं सांगा. नोंद काट्यावर, शेतकऱ्यासमोरच करा. संध्याकाळी वहीवरून भरली की घोळ होतोच. चुकलं तर दुरुस्तीची नवी नोंद टाका, जुनी दिसू द्या. पावतीचा फोटो सर्व्हरवर, साखळीत फक्त त्याचा हॅश, म्हणजे फोटोवरून निघणारा आणि फोटो बदलला की बदलणारा छोटा संकेतांक. आधार क्रमांक, बँक खातं तिथं अजिबात नको, पुसता येत नाही. आणि प्रत्येक पोत्याला वेगळा क्यूआर कोड, नाहीतर भेसळीचं पोतं ओळखणार कसं?