फी माफ झाली, पण मेसचं काय?

मागच्या लेखात मी वाचकांना एकच विचारलं होतं : शिष्यवृत्तीने तुमच्या घरातल्या मुलाची पदवी पूर्ण झाली का, आणि नसेल तर गाडी कुठे अडली? पत्रं भरपूर आली. त्यातली सहा इथे घेतली आहेत. कॉलेजात शिकवत असताना शिष्यवृत्तीचं टेबलही मी बरीच वर्षं सांभाळलं. उत्तरं त्या टेबलावरून देतो आहे.

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातला. पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अनुसूचित जातीसाठीच्या भारत सरकार शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरला, पण पैसे अजून आले नाहीत. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही. मेसचे दोन महिने थकलेत. वडील म्हणतात, आता घरी ये, पुढच्या वर्षी बघू. काय करू?

उत्तर : घरी जाऊ नकोस. वडिलांचं चुकतं असं नाही, त्यांना तुझी उपासमार दिसते. पण ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून गेलेली मुलं मी पाहिली आहेत. वर्षभरात हाताला काहीतरी काम लागतं, घराला त्या पगाराची सवय होते, बहिणीचं लग्न ठरतं. परत येणारा विरळा.

आता कामाचं बोलू. महाडीबीटीवर (शिष्यवृत्तीचे अर्ज जिथे भरतात ते राज्य सरकारचं पोर्टल) लॉगिन करून अर्ज नेमका कोणाच्या टेबलावर पडलाय ते बघ. तो कॉलेजच्या लॉगिनला अडकला असेल (आणि पुष्कळदा तिथेच अडकलेला असतो), तर क्लार्ककडे हात हलवत जाऊ नकोस. अर्ज क्रमांकासह प्राचार्यांच्या नावे लेखी पत्र दे आणि पोच घे. अर्ज त्रुटीसाठी तुझ्याकडेच परत आलेला असेल, तर त्याच दिवशी दुरुस्त कर. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली म्हणून अर्ज महिनोन्महिने पडून राहिलेले मी पाहिलेत, आणि मुलाला वाटत असतं की पैसे मंत्रालयात अडकलेत.

दुसरं, आधार कोणत्या बँक खात्याशी जोडलंय ते तपास. पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, अर्जात लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. गावाकडे मध्ये कोणी पोस्टाचं किंवा दुसऱ्या बँकेचं खातं उघडून दिलं असेल, तर हप्ता तिकडे गेलेला असू शकतो. आधारच्या संकेतस्थळावर हे दोन मिनिटांत कळतं.

तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची. वसतिगृहासाठी अर्ज करूनही जागा मिळाली नाही, अशा मुलांसाठीच २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात ती वर्षाला ६०,००० रुपये देते : जेवणाला ३२,०००, राहण्याला २०,००० आणि बाकी निर्वाहाला ८,०००. समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात जाऊन या वर्षीच्या अटी आणि मुदत विचार. तुलनेसाठी सांगतो : भारत सरकार शिष्यवृत्तीत तुझ्या अभ्यासक्रमाच्या गटातल्या वसतिगृहवासी मुलाला निर्वाह भत्ता मिळतो वर्षाला १३,५०० रुपये, म्हणजे महिन्याला १,१२५. पुण्यातली दोन वेळची मेस एवढ्यात बसत नाही, हे तुला मी सांगायला नको. त्यामुळे स्वाधार तुझ्यासाठी चैन नाही, तू त्या शहरात टिकशील की नाही ते तिच्यावर ठरणार आहे.

एक धोकाही सांगून ठेवतो. २०२१-२२ पासून या शिष्यवृत्तीतला केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यात कॉलेजची फीसुद्धा असते, आणि ती सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. एकदम मोठी रक्कम दिसली की घरची देणी आठवतात. घरात आजच सांगून ठेव की त्यातला मोठा भाग आपला नाही. तो घरात खर्च झाला, की पुढे निकाल आणि दाखल्याच्या वेळी त्यावरूनच रडारड होते.

मेसवाल्या काकांना अर्जाची प्रत दाखव आणि स्पष्ट सांग. तुझ्या विद्यापीठात ‘कमवा आणि शिका’ योजना असेल तर विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना आज भेट. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयतच्या वसतिगृहांत मुलांना स्वतःच्या घामावर शिकायला शिकवलं, त्याच विचाराची ही योजना आहे. त्यात कमीपणा मानू नकोस.

प्रश्न : मी सांगलीचा, बँकेतून निवृत्त झालो. सरकार शिष्यवृत्त्यांवर एवढा पैसा ओततं, मुलं प्रवेश घेतात आणि मध्येच सोडतात. पैसे दिल्याने पदवी पूर्ण होते याला काही पुरावा आहे, की ही नुसती सदिच्छा?

उत्तर : पुरावा आहे, आणि आपण हिशेबाचे माणूस आहात म्हणून तो कसा काढला तेही सांगतो. शिष्यवृत्ती मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची सरळ तुलना करून काही कळत नाही, कारण ती मुलं मुळातच वेगळ्या घरांतली असतात. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात गरजू विद्यार्थ्यांना राज्य सरकारचं अनुदान मिळायचं ते कुटुंबाच्या ऐपतीच्या एका ठरावीक रेषेवरून. रेषेच्या किंचित अलीकडचा मुलगा पात्र, किंचित पलीकडचा अपात्र. दोघांच्या घरची परिस्थिती जवळपास सारखीच, फरक फक्त अनुदानाचा. संशोधकांनी या दोन गटांचा माग काढला. २००० सालच्या किमतीत १,३०० डॉलरच्या अनुदानाला पात्र ठरल्याने सहा वर्षांत पदवी मिळण्याची शक्यता २२ टक्क्यांनी वाढली. रक्कम तशी फार मोठी नव्हती. पण ज्याच्या घरात शिल्लकच नाही, त्याला तेवढ्याने एक नोकरी कमी करता येते आणि तासाला बसता येतं.

विस्कॉन्सिनमध्ये तर सोडत काढूनच तपासलं गेलं. तिथल्या एका खासगी निधीने गरीब घरच्या विद्यार्थ्यांमधून चिठ्ठ्या टाकून काहींना वर्षाला ३,५०० डॉलर देऊ केले. चार वर्षांत वेळेवर पदवी घेणारे १६ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर गेले. शंभरात पाच जास्त. कागदावर हा आकडा लहान दिसतो, पण त्या पाच घरांत पिढी बदलते.

आपल्याकडचं दुखणं निराळं आहे. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरची शिष्यवृत्ती (वरच्या पत्रातली ‘भारत सरकार शिष्यवृत्ती’ ती हीच) १९४४ पासून चालू आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने तिच्यासाठी पाच वर्षांना ५९,०४८ कोटींचा आराखडा मंजूर केला आणि केंद्र-राज्य वाटा ६०-४० असा ठरवला. एवढी जुनी आणि एवढी मोठी योजना. पण आपण मोजतो काय? अर्ज किती आले, मंजूर किती झाले, रक्कम किती वाटली. अमुक वर्षी पहिल्या वर्षाला शिष्यवृत्ती घेतलेल्या शंभर मुलांपैकी पदवी घेऊन किती बाहेर पडली, हा आकडा प्रत्येक कॉलेजच्या फलकावर असायला हवा. अर्ज ऑनलाइन आहेत, आधार जोडलेलं आहे, निकाल विद्यापीठाकडे आहेत. दोन याद्या एकमेकींशेजारी ठेवायच्या, एवढंच काम. ते होत नाही याचा मला मनापासून राग येतो. आपण नागरिक म्हणून आपल्या गावच्या कॉलेजकडे हा आकडा मागावा, अशी माझी विनंती आहे.

प्रश्न : नागपूरहून लिहिते, मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. गरजेवर दिलेल्या शिष्यवृत्तीने मुलं निर्धास्त होतात असं वाटतं. गुणवत्तेवर द्यावी, म्हणजे अभ्यास तरी करतील. तुमचं मत?

उत्तर : मॅडम, हा वाद १४० वर्षांचा आहे. १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी म्हटलं होतं की स्पर्धेवर शिष्यवृत्त्या देणं वरवर न्याय्य दिसलं, तरी त्याने शिक्षण इतर वर्गांत पसरत नाही. ज्यांच्यात शिक्षण पोचलंच नाही, त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या राखा, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्याला क्लास, अभ्यासाची खोली आणि शिकलेले आईबाप आहेत, तो गुणवत्ता यादीत आधीच वर असतो. त्याला पैसे द्या वा न द्या, तो पदवी घेणारच. सरकारचा रुपया सर्वात जास्त काम करतो तो काठावरच्या मुलात.

तरी तुमच्या म्हणण्यात तथ्य आहेच. वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या शिष्यवृत्तीला अट होती : दरवर्षी ३० क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर मिळणारे श्रेयांक) पूर्ण करा आणि ठरावीक गुण राखा. तिथे वेळेवर पदवी घेणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. आणि गंमत बघा, अट असलेल्या वर्षांत मुलं जास्त विषय पूर्ण करत होती. शेवटच्या वर्षी पैसे तेच राहिले, पण पुढच्या नूतनीकरणाची अट उरली नाही, तसा तो परिणामही ओसरला. म्हणजे दरवर्षी एवढे विषय सोडवायचेत, हे डोळ्यापुढे स्पष्ट असलं की मुलं चालतात.

म्हणून माझं मत असं : शिष्यवृत्तीचं दार गरजेवर उघडावं आणि आत आल्यावर वर्षाचं उद्दिष्ट साधं आणि स्पष्ट असावं. ९० टक्क्यांचं नको, विषय वेळेत सुटण्याचं. आणि जो मागे पडतो त्याला आधी शिकवणी, मग तंबी. तुमच्याकडची बारावीची मुलं पुढे जातात तेव्हा हे उद्दिष्ट त्यांच्या कानावर घालायला तुमच्याइतकं जवळचं दुसरं कोणी नसतं.

प्रश्न : मी लातूरची. वडिलांचं उत्पन्न कमी आहे, ओबीसी आहे, इंजिनिअरिंगला कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) प्रवेश मिळाला. मुलींना फी माफ असं ऐकून आलो, पण कॉलेजने बरीच रक्कम मागितली. आमची फसवणूक झाली का?

उत्तर : बेटा, फसवणूक झालीच असं नाही, पण पावती वाचल्याशिवाय एक रुपया भरू नकोस. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ झालं. आधी ते निम्मं होतं. कॅपमधून आल्याने तू त्यात बसतेस. पण पावतीवर आणखी रकाने असतात : विकास शुल्क, अनामत, बस, वसतिगृह, मेस. ते या माफीत येत नाहीत. म्हणून रकान्यागणिक लेखी तपशील माग आणि तो शुल्क नियामक प्राधिकरणाने त्या कॉलेजला मंजूर केलेल्या शुल्काशी ताडून बघ. शिक्षण शुल्काच्या नावाने पैसे मागत असतील, तर शासन निर्णयाची प्रत जोडून तंत्रशिक्षणच्या विभागीय कार्यालयात तक्रार कर. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवणार असतील, तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायला मनाई आहे, एवढं नम्रपणे दाखवून दे.

याच रकान्यांच्या घोळाची एक मोठी किंमत अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मुलांनी मोजली. तिथल्या हुशार मुलांना राज्याने सरकारी कॉलेजांत ‘ट्यूशन’, म्हणजे शिक्षण शुल्क, माफ केलं. पण तिथे ट्यूशन नावाचा रकाना छोटा आणि ‘इतर शुल्क’ भलं मोठं. नावाला भुलून काही मुलांनी जास्त चांगली कॉलेजं सोडून ही धरली, आणि त्यांच्यातलं पदवीचं प्रमाण उलट घसरलं. तेव्हा कॉलेज निवडताना माफ काय आहे हे बघून थांबू नकोस, चार वर्षांत खिशातून काय जाणार आणि त्या कॉलेजातून मुली वेळेवर पास होऊन बाहेर पडतात का, तेही विचार. वडिलांना सोबत घेऊन जा आणि मागच्या वर्षीच्या मुलींशी बोल.

प्रश्न : दोन विषय राहिले. शिष्यवृत्ती बंद होईल का?

उत्तर : एटीकेटी मिळून पुढच्या वर्षात गेला असशील, तर नूतनीकरणाचा अर्ज नेहमीसारखा भर. वर्षच खाली गेलं असेल तर नियम योजनेगणिक बदलतो, कॉलेजात विचार. हजेरी मात्र ७५ टक्के ठेव. मुलं नापासाच्या भीतीने अर्जच भरत नाहीत आणि हक्काचे पैसे सोडून देतात. तेवढं करू नकोस.

प्रश्न : आम्ही चार मित्र न्यू जर्सीत असतो, सगळे सातारा जिल्ह्यातले. गावाकडच्या पाच मुलांची दरवर्षी फी भरायची इच्छा आहे. कशी सुरुवात करावी?

उत्तर : विचार फार चांगला आहे, फक्त त्यात थोडा बदल सुचवतो. फी भरू नका. फीचा मोठा भाग बहुतेक गरजू मुलांना कुठल्या ना कुठल्या योजनेतून मिळतो, उशिरा का होईना. मुलं सुटतात ती मधल्या महिन्यांत : हप्ता यायचा असतो, मेस थकलेली असते, परीक्षा फॉर्मची तारीख उलटत असते.

तुमच्याच बाजूला, अटलांटातल्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीने २०११ पासून हे ओळखून काम केलं. थोड्या बाकीपायी नाव कमी होणार, अशा मुलांना त्यांनी शोधून काढलं आणि छोटं अनुदान देऊन ती बाकी मिटवली. मुलाने अर्ज करावा याची वाट पाहिली नाही, विद्यापीठानेच यादी बघून फोन केले. शिकून घेण्यासारखी गोष्ट ही आहे.

तुम्ही तालुक्यातल्या एका कॉलेजशी बोला आणि तिथल्या एखाद्या विश्वासू प्राध्यापकाकडे छोटा फिरता निधी द्या. तुमच्यापैकी कोणी परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, तर त्याचा पैसा परकीय देणगीच्या नियमांखाली नोंद असलेल्या संस्थेमार्फतच पाठवा, यात कसूर नको. त्या निधीतून तीनच खर्च करा : मेस, परीक्षा फॉर्म, घरी जाण्यायेण्याचं भाडं. मुलाने मागितल्यापासून दोन दिवसांत पैसे हातात पडले पाहिजेत, आणि त्याच्याकडून नवा दाखला मागू नका. शिष्यवृत्तीचा हप्ता आला की जमेल त्याने परत करावं, नाही जमलं तर मागे लागू नये.

पाचऐवजी तेवढ्याच पैशांत वीस-पंचवीस मुलं सांभाळली जातील. आणि दरवर्षी त्या प्राध्यापकांना एकच विचारा, यातली किती जणं पुढच्या वर्षात गेली. रक्कम जुलैआधी पोचवा. मुलं गाव सोडून शहरात येतात ती त्याच सुमारास, आणि पहिल्याच महिन्यात खोलीचं डिपॉझिट भरावं लागतं.