डीवरचा त्रिकोणी तरंग

प्रश्न : कार्बन-14 मोजण्यासाठी बांधलेल्या छोट्या सायक्लोट्रॉनमध्ये (आयनांना चुंबकीय क्षेत्रात गोल फिरवत वेग देणाऱ्या यंत्रात) डीला, म्हणजे आयनांना ऊर्जा देणाऱ्या पोकळ इलेक्ट्रोडला, नेहमीच्या साइन तरंगाऐवजी त्रिकोणी तरंग का देतात? साइन तरंगासाठी अनुनादी मंडल बांधणे अधिक सोपे नाही का? (पदव्युत्तर विद्यार्थी, पुणे)

उत्तर : सोपे आहेच; पण या यंत्राचे मुख्य काम वस्तुमान निवडण्याचे आहे. कार्बन-14 साठी सायक्लोट्रॉन वापरण्याची कल्पना रिचर्ड मुलर यांनी 1977 मध्ये मांडली, पुढे बर्कलीत छोटे यंत्र झाले आणि शांघायच्या यंत्रात त्रिकोणी तरंग आला. जवळपास तेवढ्याच वस्तुमानाच्या नायट्रोजन-14 चा स्थिर ऋण आयन होत नाही, त्यामुळे ऋण आयन घेतले की तो गळतो; पिच्छा सोडत नाही तो कार्बन-13 आणि हायड्रोजन यांचा रेणू, कारण तो कार्बन-14 पेक्षा जेमतेम 1,800 व्या हिश्शाने जड असतो.

आकडे घालून पाहू. 0.5 टेस्ला क्षेत्रात कार्बन-14 सेकंदाला सुमारे 5,48,000 फेऱ्या मारतो. दहावा हार्मोनिक, म्हणजे फेऱ्यांच्या दहापट वारंवारता, घेतल्यास डीला 5.48 मेगाहर्ट्झ लागतात. जड रेणू डीवरच्या तरंगाच्या तुलनेत दर फेरीला सुमारे 2 अंश फेज मागे पडतो आणि 45 फेऱ्यांत 90 अंश चुकतो. म्हणून शंभरेक फेऱ्या हव्यात आणि दर फेरीची ऊर्जावाढ मुद्दाम 2 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास ठेवावी लागते. परिणामी 50 सेंटीमीटर त्रिज्येवर लगतच्या फेऱ्यांत उणेपुरे अडीच मिलिमीटर अंतर उरते.

तरंगाच्या आकाराचे महत्त्व इथेच आहे. डीत शिरतानाचे आणि बाहेर पडतानाचे विभव यांतला फरक हीच आयनाची कमाई. साइन तरंगात ती शिरण्याच्या क्षणावर ठरते, त्यामुळे एकाच झुबक्यातले आयन पांगून शेजारच्या फेऱ्यांत मिसळतात. ऋण आयनांना उपयोगी पडणारा त्रिकोणी तरंगाचा उतार मात्र सरळ रेषेत असतो. 9 अंशांची डी आयन पाव आवर्तनात ओलांडतो आणि उताराच्या पहिल्या अर्ध्यात केव्हाही शिरला तरी त्याला तेवढीच ऊर्जा मिळते.

याची किंमत डीला तरंग पुरवणाऱ्या प्रवर्धकाला मोजावी लागते. समोरासमोर दोन डी असल्या तर प्रत्येकीवर शिखरापासून तळापर्यंत 2 किलोव्होल्ट लागतात, आणि ते 91 नॅनोसेकंदांत उतरवताना डीच्या धारितेच्या (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेच्या) दर 50 पिकोफॅरडमागे 1.1 अँपिअर प्रवाह द्यावा लागतो. त्रिकोणी तरंगात मूळ वारंवारतेच्या फक्त विषम पटींचे हार्मोनिक असतात, पहिल्याच्या तुलनेत तिसरा एक नवमांश आणि पाचवा एक पंचविसांश, त्यामुळे एवढ्या तिघांनीही उतार बराच सरळ होतो. करवती तरंगाचे हार्मोनिक इतक्या लवकर ओसरत नाहीत, म्हणून मी तो सुचवणार नाही. प्रवर्धक ठरवण्यापूर्वी डी जागेवर बसवून, निर्वात कोठीचे झाकण लावून, तिची धारिता प्रत्यक्ष मोजावी, कारण भिंतीशी आणि आधारदांड्यांशी होणारी धारिता कागदावरच्या हिशेबात सहज निसटते.